पाडकामगार आणि ॲस्बेस्टॉस : ब्रिटिश कायद्याच्या व्याप्तीचा विचार

'ॲस्बेस्टॉस' हा शब्द मूळचा ग्रीक असून त्याचा अर्थ 'न विझणारे' असा आहे. ग्रीक भाषेत तो कळीच्या चुन्यालाही लावीत. न जळणाऱ्या खनिजास न विझणाऱ्या वस्तूचे नाव मिळावे, हा अर्थांतराचा चमत्कारिक नमुना होय. तथापि या खनिजाच्या इतिहासात अधिक महत्त्वाचा ठरला तो 'कामगार' या शब्दाच्या कायदेशीर व्याप्तीचा प्रश्न.

ब्रिटनमधील स्त्री कारखाना-निरीक्षकांनी १८९८ च्या अहवालातच या धुळीच्या तीक्ष्ण, काचेसारख्या कणांकडे लक्ष वेधले होते. पुढे १९३० साली मेरेवेदर व प्राइस यांनी तपासलेल्या ३६३ कामगारांपैकी ९५ जणांत फुप्फुसांचा विकार आढळला. त्यावरून १९३१ मध्ये नियम झाले व धूळ यंत्राने शोषून घेण्याचे बंधन आले. परंतु या नियमांचा रोख माल तयार करणाऱ्या कारखान्यांवर होता. तोच माल बाष्पकांना, नळांना, छतांना आणि पोलादी तुळयांना लागून इमारतींत शिरत होता. त्या इमारती दुरुस्त करणारे सुतार, विजेचे कारागीर व पाडकामगार यांच्यापर्यंत हे संरक्षण जवळजवळ पोहोचलेच नाही.

वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील फुप्फुसावरणाच्या कर्करोगाचे ३३ रुग्ण नोंदविले. त्यांतील कित्येकांनी खाणीत कधीच काम केले नव्हते. ते केवळ खाणींच्या परिसरात राहिलेले होते. कारखान्याच्या भिंतीपाशी धोका संपतो, ही समजूत त्यामुळे टिकणे अशक्य झाले. १९६९ च्या ब्रिटिश नियमांनी बांधकामाचा अंतर्भाव केला. निळ्या ॲस्बेस्टॉसच्या कामाची २८ दिवस आधी लेखी सूचना देणे आवश्यक ठरले. १९८३ मध्ये धोकादायक कामांसाठी परवाना आला, तर १९९९ मध्ये वापरावर पूर्ण बंदी आली. मात्र बंदीने नवा वापर थांबला, उभ्या इमारती तशाच राहिल्या.

म्हणूनच आजच्या पद्धतीचा सारा भर क्रमावर आहे. अखंड वस्तूपासून धोका अल्प असतो. ती फोडली, कापली वा तिला भोक पाडले, की अदृश्य तंतू हवेत तरंगू लागतात. यास्तव प्रथम पाहणी, नंतर शक्य तेथवर पाडकामापूर्वीच ॲस्बेस्टॉस काढणे, ते ओले ठेवणे, अधिक धोक्याच्या कामी जागा बंदिस्त करून आतील हवेचा दाब कमी राखणे, कोरडा झाडू टाळणे, कचरा दुहेरी वेष्टनात बंद करणे आणि ज्या जागी बंदिस्त काम झाले तेथील हवा तपासणे, असा हा क्रम आहे. घाईने तोडफोड करण्याच्या नित्याच्या सवयीस यातील प्रत्येक पायरी विरोध करते.

महाराष्ट्रात या वस्तूला सर्रास 'सिमेंटचा पत्रा' म्हणतात. त्या नावात ॲस्बेस्टॉस दिसतच नाही. भारतीय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या उद्योगातील कामगारांच्या आरोग्यनोंदी किमान ४० वर्षे जतन करण्याचा आदेश दिला. परंतु छपरावर चढून जुना पत्रा हातोड्याने फोडणाऱ्या रोजंदारी मजुराचे नाव अशा नोंदवहीत सहसा नसते. ब्रिटिश कायद्यास कारखान्यातून इमारतीपर्यंत येण्यास जवळजवळ चार दशके लागली, ही गोष्ट येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे.