एकट्याने न सुटलेले गणित

हवेची आजची स्थिती नेमकी ठाऊक असेल, तर उद्याची स्थिती गणिताने काढता आली पाहिजे, हा विचार नॉर्वेच्या व्हिल्हेल्म ब्येर्कनेस यांनी १९०४ साली मांडला. तो प्रत्यक्षात करून पाहिला लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञाने. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करीत असतानाच्या काळात त्याने २० मे १९१० या दिवसाची निरीक्षणे घेतली आणि जर्मनीतील एका ठिकाणचा वायुभार सहा तासांत किती बदलेल, ते हाताने आकडेमोड करून काढले. उत्तर आले १४५ मिलिबार! प्रत्यक्षात त्या दिवशी वायुभार जवळजवळ स्थिर होता. रिचर्डसनने हे चुकलेले उत्तर लपविले नाही. १९२२ सालच्या आपल्या पुस्तकात ते सविस्तर छापले.

गणित पुन्हा मांडायचे तर तीन गोष्टी हव्या होत्या : वरच्या हवेची भरपूर निरीक्षणे, समीकरणांचे योग्य रूप आणि वेगवान यंत्र. निरीक्षणे सरकारी हवामान खात्यांकडे, समीकरणांचा विचार विद्यापीठांत आणि यंत्र लष्कराकडे, अशी पुढे वाटणी झाली. म्हणूनच हा इतिहास एका माणसाचा राहिला नाही.

१९४६ साली प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत जॉन फॉन नॉयमन यांनी हवामान प्रकल्प सुरू केला. पैसा अमेरिकन नौदलाचा होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डॉक्टरेट मिळविलेले ज्यूल चार्नी पुढे त्यात आले. रिचर्डसनची चूक कोठून आली असावी, हे त्यांनी ओळखले. पाण्याची घागर घेऊन चालणारी बाई एका दिशेने जात असते. घागरीतले पाणी मात्र हिंदकळत असते. हवेतही अशा जलद लहरी असतात. हवामान बदलण्यात त्यांचा वाटा थोडा. पण मूळ निरीक्षणांत वारा व वायुभार यांचा मेळ जरा चुकला, की गणितात त्याच बळावतात. चार्नींनी या लहरी गाळलेली समीकरणे तयार केली.

प्रकल्पाचा स्वतःचा संगणक तयार नव्हता. तेव्हा मार्च १९५० मध्ये मेरिलँडमधील अ‍ॅबर्डीन येथे लष्कराच्या ‘एनिअ‍ॅक’ या संगणकावर काम सुरू झाले. चार्नींबरोबर नॉर्वेचे राग्नर फ्यॉर्टॉफ्ट, शिकागो विद्यापीठाचे जॉर्ज प्लॅट्झमन आणि सरकारी हवामान खात्याचे जोसेफ स्मॅगोरिन्स्की होते. तेहतीस दिवस आणि रात्री यंत्र चालले. चोवीस तासांच्या अंदाजाला जवळजवळ चोवीस तासच लागत. परंतु उत्तरे वास्तवाशी बरीच जुळली!

१९५४ साली अमेरिकेचे हवामान खाते, हवाई दल व नौदल यांनी वेगळे संगणक घेण्याऐवजी एकच संयुक्त केंद्र काढले. मे १९५५ पासून तेथे नियमित अंदाज निघू लागले. आरंभीचे अंदाज अनुभवी हवामानतज्ज्ञांपेक्षा कमी प्रतीचे होते. तरीही काम सोडून दिले गेले नाही, कारण रोजचा अंदाज दुसऱ्या दिवशी पडताळता येतो आणि चूक कोठे झाली ते शोधता येते.

एका दिवसाच्या अंदाजाला एक खंड पुरतो. पाच-सात दिवसांचा अंदाज हवा असेल, तर दूरच्या प्रदेशातील हवाही हिशेबात घ्यावी लागते. म्हणजे प्रारूप सगळ्या पृथ्वीचे हवे. स्मॅगोरिन्स्की यांच्या सरकारी प्रयोगशाळेने असे प्रारूप रचले. ती १९६८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या आवारात गेली. तेथील स्युकुरो मानाबे यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. युरोपीय देशांनी १९७५ मध्ये सामायिक केंद्र स्थापले, तेव्हा सुरुवातीचे प्रयोग त्यांनी या प्रयोगशाळेच्या व कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रारूपांवर केले. ऑगस्ट १९७९ पासून स्वतःच्या प्रारूपाचे नियमित अंदाज ते केंद्र देऊ लागले.

आपला मोसमी वारा विषुववृत्तापलीकडून येतो, तेव्हा आपल्यालाही जागतिक प्रारूपच लागते. भारतात १९८८ साली मध्यम पल्ल्याच्या अंदाजासाठी राष्ट्रीय केंद्र निघाले. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनमध्ये पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने अमेरिकेचे प्रारूप घेऊन ते मोसमी पावसासाठी सुधारण्याचे काम हाती घेतले.

या देवाणघेवाणीचा पाया म्हणजे निरीक्षणे. आपल्याकडे पहाटे व सायंकाळी साडेपाचच्या सुमारास फुगे आकाशात सोडले जातात, त्याच वेळी जगभर ते सोडले जातात. शीतयुद्धातही अमेरिका व सोव्हिएत रशिया यांनी हे आकडे एकमेकांना दिले. पुढे काही देशांत आकडे विकण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा १९९५ मध्ये जागतिक हवामान संघटनेला मुक्त देवाणघेवाणीचा ठराव करावा लागला.

हे वर्गात दाखविता येईल. जमिनीवर चौकटी आखून प्रत्येकीत एक विद्यार्थी उभा करावा व त्याला एक संख्या द्यावी. चारही शेजाऱ्यांच्या संख्यांची सरासरी ही त्याची पुढची संख्या. कडेच्यांनी आपली संख्या बदलू नये. आता मधल्या एकालाच गप्प राहायला सांगावे. पहिल्या फेरीत त्याचे चार शेजारी अडतील, दुसऱ्या फेरीत त्यांचे शेजारी, आणि त्याचे स्वतःचे उत्तरही! किती फेऱ्यांत सगळा वर्ग थांबतो, ते विद्यार्थ्यांनाच मोजू द्यावे.