निदान सुरू तरी व्हावा

मराठीत 'निदान' या शब्दाचे दोन संसार आहेत. वैद्याच्या घरी त्याचा अर्थ रोगाचे मूळ ओळखणे असा होतो, आणि घरच्या बोलण्यात तोच शब्द 'किमान' होऊन येतो : निदान एक फोन तरी करायचास. गेल्या पावसाळ्यात आमच्या विभागातील एक संशोधक विद्यार्थिनी लॅपटॉप ओढणीत गुंडाळून घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "सर, निदान सुरू तरी व्हायला हवा होता हो." त्या एका वाक्यात दोन्ही अर्थ एकमेकांना चिकटून आले, ते तिच्या ध्यानात असण्याचे कारण नव्हते. बटण दाबले की काहीच होत नव्हते. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही.

प्रबंधाची लिहून झालेली प्रकरणे तिने मला मेलने पाठवलेली होती, त्यामुळे ती सुरक्षित होती. नव्हत्या त्या ओव्या. दोन उन्हाळ्यांच्या सुट्ट्यांत तिने आपल्या आजीच्या आणि आजीच्या सोबतिणींच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. फोनमध्ये जागा उरेना म्हणून त्या लॅपटॉपवर उतरवून फोनवरून पुसल्या होत्या. आजी जानेवारीत गेली. दुरुस्तीच्या पहिल्या दुकानात दोन मिनिटांत निकाल मिळाला होता : बोर्ड गेला, डेटा विसरा.

या निकालाला मी निदान म्हणायला तयार नव्हतो. ज्या परंपरेतून हा शब्द आपल्याकडे आला, तिथे निदानाची पाच साधने सांगितली आहेत. निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आजाराआधीच्या खुणा, रूप म्हणजे प्रत्यक्ष लक्षणे, संप्राप्ती म्हणजे दोष शरीरात कसा पसरत गेला त्याचा क्रम, आणि उपशय. माधवकराच्या ग्रंथाचा आरंभच या पंचकाने होतो आणि त्यापूर्वी चरकसंहितेत ते आलेले आहे. यांपैकी उपशय मला विशेष वाटतो. व्याधीची लक्षणे झाकलेली असली तर एखादे औषध, आहार किंवा विहार देऊन पाहावा. बरे वाटले तर कारण अमुक, त्रास वाढला तर तमुक. म्हणजे उपचार हेच परीक्षेचे साधन. बंद लॅपटॉपसमोर बसलेला माणूस दुसरे काय करतो? दुसरा चार्जर लावून पाहतो. बॅटरी काढता येत असेल तर ती काढून नुसत्या चार्जरवर चालतो का ते पाहतो. सगळा वीजपुरवठा तोडून बटण अर्धा मिनिट दाबून धरतो, म्हणजे आत अडकून राहिलेला भार निघून जावा. अंधारात पडद्यावर तिरपा टॉर्च मारतो. अंधुक अक्षरे दिसली तर यंत्र जिवंत आहे, फक्त पडद्यामागचा प्रकाश गेला आहे. मेमरीच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पाहतो. यातली प्रत्येक कृती औषधही आहे आणि प्रश्नही.

इंग्रजीत याला 'ट्रबलशूटिंग' म्हणतात. तो शब्द संगणकाहून जुना आहे. तार आणि टेलिफोन यांच्या मैलोगणती तारांवर बिघाड नेमका कुठे आहे हे हुडकत फिरणाऱ्या माणसांसाठी तो आधी वापरात आला. आपल्याकडे त्या माणसाला लाइनमन म्हणत आणि त्याच्या कामाला 'फॉल्ट काढणे'. 'बग' हा शब्दही असाच आधीचा. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रव्यवहारात तो यंत्रातील लहानसहान अडचणींसाठी आलेला आहे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या यंत्राच्या एका रिलेमध्ये खरोखरीचा पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटपट्टीने डकवला गेला, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. मात्र शब्दाचा जन्म तिथे झाला असे जे सांगितले जाते ते खरे नव्हे. नोंद करणाऱ्याने गंमत केली आहे ती जुन्या शब्दावर : इतके दिवस ज्याला कीडा म्हणत होतो तो आज खरोखरच सापडला, अशा अर्थाची. व्युत्पत्तीच्या दंतकथा मराठीतच होतात असे नाही.

न उठणाऱ्या यंत्राचा इतिहास मात्र एका विरोधाभासाने सुरू होतो. १९४६ साली फिलाडेल्फियात जगापुढे आलेल्या एनिॲकमध्ये सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या. या नळ्या जळत त्या प्रामुख्याने यंत्र चालू करताना आणि बंद करताना, कारण तापण्या-निवण्याच्या वेळी त्यांच्यावर सर्वांत अधिक ताण येई. उपाय साधा निघाला : यंत्र बंदच करायचे नाही. त्यानंतर साधारण दोन दिवसांत एक नळी जाण्याइतपत प्रमाण खाली आले आणि गेलेली नळी बहुधा पंधरा मिनिटांत सापडे. कोणाला सापडे, हेही सांगितले पाहिजे. यंत्राची जुळणी करून गणिते चालवणाऱ्या सहा तरुण स्त्रिया होत्या. त्यांपैकी जीन बार्टिक यांनी पुढे सांगितले की, यंत्र आणि गणित दोन्ही ठाऊक असल्यामुळे दोष थेट एखाद्या नळीपर्यंत नेऊन भिडवणे त्यांना अभियंत्यांइतकेच, किंबहुना अधिक चांगले जमू लागले होते. जुन्या छायाचित्रांत त्या यंत्रापुढे दिसतात आणि अनेक वर्षे लोकांना वाटत राहिले की, त्या शोभेसाठी उभ्या केलेल्या मॉडेल आहेत.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेले टीआयएफआरॲक हे यंत्र १९६० साली कामाला लागले. तेही नळ्यांचेच होते. नळ्यांची उष्णता, मुंबईची दमट हवा आणि सुटे भाग मिळवण्याची यातायात यांतून ते यंत्र उभे राहिले. त्याचा इतिहास कुणी मराठीत सविस्तर लिहायला हवा. इथे तो विषय नाही.

'चालू करणे' याला संगणकाच्या परिभाषेत 'बूट करणे' म्हणतात. हा 'बूट' आपल्या पायातलाच. बुटाच्या मागच्या पट्ट्या धरून स्वतःला वर उचलणे हा एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी वाक्प्रचार. अशक्य, हास्यास्पद गोष्टीचा फटाका म्हणून तो प्रथम वापरला जाई. त्याचे मूळ बॅरन मुन्शहाउझेनच्या कथांत आहे असे म्हणतात, पण तिथे बॅरन आपल्या केसांची वेणी धरून स्वतःला घोड्यासकट दलदलीतून बाहेर काढतो. बुटाचा संबंध नाही. यंत्रज्ञांना हा शब्द सापडला तो मोठा नेमका होता. संगणक सुरू होण्यासाठी एखादा कार्यक्रम आत आणावा लागतो. पण तो आत आणणारा कार्यक्रम कोण आणणार? आयबीएमच्या ७०१ या यंत्रावर 'लोड' असे बटण असे. ते दाबले की यंत्र पहिल्या थोड्या सूचना वाचून घेई, त्या सूचना पुढच्या सूचना ओढून आणत, आणि अशी स्वतःच्या बळावर उठण्याची साखळी सुरू होई. १९७५ साली आलेल्या आल्टेअर ८८०० मध्ये ही पहिली पायरीसुद्धा माणसाने चढायची होती. समोरच्या फळीवरील खटके वरखाली करून एकेक सूचना हाताने भरायची, आणि वीज गेली की सगळे पुसले जाऊन पुन्हा पहिल्यापासून. ज्यांनी हे केले त्यांना यंत्र 'सुरू होत नाही' याचा अर्थ वेगळा वाटत असणार. त्यांच्या लेखी ते आपोआप कधी सुरू होतच नव्हते.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीने ही पहिली पायरी कायमच्या चिपमध्ये कोरून ठेवली. त्याबरोबर एक नवी गोष्ट आली : यंत्र उठताना स्वतःची नाडी स्वतः पाहू लागले. मेमरी, कीबोर्ड, पडदा यांची तपासणी करून सारे ठीक असेल तर एक लहानसा 'बीप'. नसेल तर निरनिराळे सूर. लांब, आखूड, दोन, तीन. पडदाच नादुरुस्त असेल तर यंत्र बोलणार कसे, या प्रश्नाचे ते उत्तर होते. आजच्या अनेक लॅपटॉपांत त्या जागी दिव्याची उघडझाप असते. सांगण्यासारखे इतकेच की, आमच्या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपात सूरही नव्हता आणि उघडझापही नव्हती, म्हणजे नाडी पाहण्याइतकी शुद्ध आलीच नव्हती. दोष त्याही आधीचा, विजेच्या वाटेवरचा होता.

ही वीज लॅपटॉपांच्या कथेत उशिरा आली, हे आज विचित्र वाटते. १९८१ चा ऑस्बोर्न-१ सुमारे अकरा किलोंचा होता. त्याला मूठ होती, पण बॅटरी नव्हती. १९८२ च्या ग्रिड कंपासने, म्हणजे बिल मोग्रिज यांनी आखलेल्या शिंपल्यासारख्या मिटणाऱ्या यंत्राने, आजच्या लॅपटॉपाचे रूप ठरवले, तरी तोही भिंतीतील विजेवरच चाले. एप्सनच्या एचएक्स-२० मध्ये पुन्हा भरता येणारी निकेल-कॅडमियम बॅटरी होती. १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि यंत्रे हलकी झाली. त्या संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे नोबेल मिळाले. या बॅटरीचा एक स्वभाव निदानाच्या कामी येतो. तिच्यातील भार फार खाली उतरला तर आतला रक्षक-परिपथ तिला तोडून टाकतो आणि ती मेल्यासारखी दिसते. अशा वेळी चार्जर लावून अर्धा-एक तास वाट पाहणे हेच औषध. आपण दोन मिनिटांत निराश होतो.

२००० नंतरचे दशक तर या आजारांच्या साथींचे दशक म्हणावे लागेल. १९९९ पासून पुढची काही वर्षे निकृष्ट द्रव भरलेले कपॅसिटर जगभरच्या बोर्डांवर बसवले गेले. वर्षा-दोन वर्षांत त्यांची डोकी फुगत, आतला द्रव पाझरे आणि संगणक एका सकाळी उठत नसे. ऑगस्ट २००६ मध्ये डेलने सोनीच्या सेलच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या, कारण सेलमध्ये राहून गेलेल्या धातूच्या कणांमुळे आतल्या आत शॉर्ट होऊन आग लागत होती. जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने मान्य केले की, लॅपटॉपांतल्या तिच्या काही चित्रचिपांच्या बांधणीतील साहित्य कमकुवत आहे. तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांत चिपखालचे सूक्ष्म जोड निखळत आणि पंखा फिरत असताना पडदा काळा राही. लोकांनी त्यावर घरगुती उपाय काढला होता : बोर्ड ओव्हनमध्ये भाजणे. काही दिवस यंत्र चाले, मग पुन्हा काळोख. एनिॲकच्या नळ्यांना जे मारत होते तेच साठ वर्षांनी नखाएवढ्या चिपेला मारत होते. या साथींची आपल्याकडच्या ग्राहकाला बहुधा खबर नसे. त्याला एवढेच ऐकू येई : बोर्ड गेला. जगातल्या कुठल्या कारखान्यातला कुठला दोष आपल्या टेबलावर येऊन पोचला हे कळले नाही की माणूस स्वतःला दोष देतो. मीच चहा सांडला असेन, मीच रात्रभर चार्जिंगला ठेवला असेल.

तेव्हा एक सोय होती. यंत्र मेले तरी स्मृती वेगळी काढता येई. दोन स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर घ्यायची, दहा मिनिटांत दुसऱ्या संगणकाला जोडायची. पाठचिकित्सेची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे सहज पटावे : वेष्टन कुजले तरी पोथीची पाने वाचवता येतात. अलीकडच्या अनेक पातळ लॅपटॉपांत ही सोय काढून घेतली गेली आहे. साठवणीची चिप मदरबोर्डवरच डाखलेली असते; बोर्ड गेला की तिच्यापर्यंत पोचण्याची वाट गेली. सुदैवाने आमच्या विद्यार्थिनीचा लॅपटॉप जाडजूड, पाच-सहा वर्षांपूर्वीचा होता. दुसऱ्या कारागिराने तिच्यादेखत तो उघडला, साठवणीची छोटी पट्टी काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि माझ्या संगणकाला जोडली. ड्राइव्ह दिसला. उघडेना. त्यावर कुलूप होते आणि पडद्याने ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली मागितली.

किल्ली कसली, हे तिला ठाऊकच नव्हते. यंत्र नवे असताना नोंदणी करून देणाऱ्याच्या खात्यावर विंडोज अशी किल्ली गुपचूप ठेवून देते. ती नोंदणी तिच्या थोरल्या भावाने केली होती आणि भाऊ आता मस्कतला असतो. रात्री साडेनऊला त्याने फोनवर सहा-सहाचे आठ गट वाचून दाखवले, तिने ते कागदावर उतरवून पुन्हा वाचून खात्री केली. एका गटात तीनचा आठ झाला होता. दुसऱ्या वेळी ड्राइव्ह उघडला. दोनशे अकरा ध्वनिफिती होत्या. त्याच रात्री त्यांच्या तीन प्रती केल्या, एक माझ्याकडे.

लॅपटॉपही पुढे दुरुस्त झाला. कारागिराने बोर्डाला अगदी कमी दाबाची वीज दिली आणि वरून अल्कोहोल शिंपडले. जिथे ते सर्वांत आधी सुकले तिथे उष्णता, म्हणजे तिथेच शॉर्ट. मोहरीहून लहान एक कपॅसिटर होता. तो काढल्यावर दिवा लागला. खर्च पहिल्या दुकानाने सांगितलेल्या नव्या बोर्डाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. घड्याळाची छोटी बॅटरी संपलेली असल्याने पडद्यावर काही वर्षांपूर्वीची तारीख आली होती, ती तिने तिथेच बसून बदलली.