रणजीची उतरंड आणि आमचा जिल्हा

संघांची थोरवी विजेतेपदे मोजून ठरवण्याचा प्रघात आहे. १९३४-३५ मध्ये सुरू झालेल्या रणजी स्पर्धेची अशी उतरंड रचली, तर ४२ विजेतेपदांसह मुंबई सर्वांत वर दिसते. त्यांतली १५ तर १९५८-५९ पासून सलग मिळालेली. महाराष्ट्राच्या वाट्याला अवघी दोन : १९३९-४० आणि १९४०-४१. दोन्ही वेळी कर्णधार होते पुण्यातील संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर, तेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर! हे कर्तृत्व दोनच्या आकड्यात मावत नाही.

आमचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर, जिल्हा महाराष्ट्र संघाच्या क्षेत्रात येतो. परंतु श्रीरामपूरचा झहीर खान २०००-०१ मध्ये जिंकला तो बडोद्याकडून. आणि २०२३-२४ मध्ये मुंबईला बेचाळिसावा करंडक मिळवून देणारा कर्णधार अजिंक्य रहाणे जन्माने संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दचा, वाढला मात्र डोंबिवलीत.

उतरंड खोटी नसते. पण गुण कोठे उपजले हे ती सांगत नाही, संधी कोठे एकवटली एवढेच सांगते. वाङ्मयेतिहासात लेखकांना पुण्या-मुंबईच्या खात्यावर जमा करताना आम्ही अध्यापकांनीही हे स्मरणात ठेवावे.