खटका आणि फ्यूज: भांडी धुणाऱ्या यंत्राचा पूर्वेतिहास
अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील जोसेफिन कॉक्रेन यांना 28 डिसेंबर 1886 रोजी ज्या यंत्राचे पेटंट मिळाले, त्यात कपबश्यांच्या मापाचे तारेचे कप्पे चाकावर बसवलेले असून साबणाचे गरम पाणी भांड्यांवर जोराने फवारले जाई. 1893 च्या शिकागो प्रदर्शनात ते गाजले, परंतु गिऱ्हाईक लाभले ते मुख्यतः हॉटेलांचे. पुढे घरगुती यंत्रात वीज आली, तिच्याबरोबर अडून बसण्याच्या नव्या जागाही आल्या: दार पुरते मिटल्याखेरीज मोटारीला प्रवाह न देणारा खटका, म्हणजे इंटरलॉक, आणि प्रवाह मर्यादेबाहेर जाताच वितळणारा फ्यूज. त्यामुळे यंत्र मुळीच सुरू होत नसेल, तर मोटारीला (उगाच) दोष देण्याआधी प्लग, फ्यूज आणि हा खटका तपासावा. मात्र त्यापूर्वी वीजपुरवठा बंद केलेला असावा.