अंतराळयानावरचे डॉक्टर



आज एका डॉक्टरांचा इतिहास लिहायला बसले आहे. हे डॉक्टर कधी जन्मलेच नाहीत, एवढीच काय ती बारीकशी अडचण. डॉ. लेनर्ड मॅकॉय, मुक्काम पोस्ट 'एंटरप्राइझ' नावाचं अंतराळयान, काळ तेविसावं शतक. आमच्या घरातली मंडळी गालातल्या गालात हसतील, पण ज्यांनी ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शन पाहिलं आहे त्यांना मी कोणाबद्दल बोलते आहे ते लगेच कळेल.

'स्टार ट्रेक' ही अमेरिकेतली मालिका. तिकडे ती ८ सप्टेंबर १९६६ ला सुरू झाली आणि तीन वर्षांत, ७९ भाग दाखवून, १९६९ मध्ये बंदही पडली. आपल्याकडे ती पोचली तेव्हा तिकडे ती जुनीपुराणी झाली होती. रामायण जानेवारी १९८७ मध्ये सुरू झालं, त्याच्या आधीची ही गोष्ट. मुलुंडला आमच्या मजल्यावर दोनच टीव्ही होते, त्यातला एक आमच्याकडे, सरकत्या दाराचा, ब्लॅक अँड व्हाइट. रविवारी सकाळी शेजारची पाच-सहा पोरं दारात चपला काढून जमिनीवर बसायची. मी स्वयंपाकघरातून येता-जाता बघायची.

माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं, बी.ए.सुद्धा मराठी घेऊन. त्या मंडळींचे अमेरिकन उच्चार माझ्या डोक्यावरून जायचे. टोकदार कानांचा तो स्पॉक तर अगदी प्रमेय सिद्ध केल्यासारखा बोलायचा. पण डॉक्टर मात्र मला कळायचे! चिडले की कळायचं, काळजीत असले की कळायचं. रोग्याजवळ वाकायचे आणि मान वर करून कॅप्टन कर्ककडे बघायचे, तेव्हा पुढचं वाक्य ऐकायची गरजच नसायची. 'गेला.' आमच्या पाचरस्त्याजवळच्या फॅमिली डॉक्टरांचा चेहरा मी तसाच झालेला पाहिला होता, सासूबाईंच्या वेळी. स्टेथस्कोप कानातून काढून त्याची घडी घालायला त्यांनी जो वेळ घेतला, त्यातच सगळं आलं होतं.

तर या डॉक्टरांचा पूर्वेतिहास. हे काम करणारे डीफॉरेस्ट केली १९२० साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात जन्मले. वडील धर्मोपदेशक. मुलाच्या मनात डॉक्टर व्हायचं होतं, घरची परिस्थिती नव्हती. पुढे ते सिनेमात गेले आणि बरीच वर्षं घोडे-बंदुकांच्या चित्रपटांत, बहुतेक वेळा दुष्ट माणसाच्या कामात अडकून पडले. मालिकेच्या सुरुवातीच्या दोन चाचणी भागांत यानावरचे डॉक्टर वेगळेच नट होते, केली आले ते तिसरे. कर्क त्यांना 'बोन्स' म्हणतो. जुन्या काळी जहाजावरच्या आणि लष्करातल्या शल्यवैद्याला इंग्रजीत 'हाडं कापणारा' म्हणत, त्याचं ते लाडकं रूप. म्हणजे यान तेविसाव्या शतकातलं आणि डॉक्टरांचं टोपणनाव शिडाच्या जहाजांच्या जमान्यातलं.

त्यांच्या हत्यारांची गंमत तर मला फार आवडते. सर्वांत आधी जो भाग दाखवला गेला त्यात माणसाच्या अंगातलं मीठ शोषून घेणारा एक प्राणी आहे. तो डॉक्टरांच्या जुन्या प्रेयसीचं रूप घेऊन येतो आणि शेवटी त्यांना स्वतःच्या हाताने तिच्यावर शस्त्र चालवावं लागतं. या भागासाठी भविष्यकाळातल्या वाटतील अशा मीठदाण्या शोधून आणल्या होत्या. पण त्या इतक्या चमत्कारिक दिसत होत्या की मीठदाणी म्हणून कोणी ओळखणारच नाही असं वाटलं. मग साध्या मीठदाण्या टेबलावर ठेवल्या, आणि या नव्या गेल्या डॉक्टरांच्या पेटीत. पुढे तीन वर्षं डॉक्टर रोग्याच्या अंगावरून 'गुर्रर्र' असा आवाज करणारं जे यंत्र फिरवत होते ती ही मीठदाणी. दृष्ट काढल्यासारखंच म्हणायचं की! (तसंच एक खरं यंत्र व्हावं म्हणून २०१२ मध्ये एक कोटी डॉलरची स्पर्धा जाहीर झाली. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका डॉक्टरच्या आणि त्याच्या भावंडांच्या चमूला त्यात पहिला क्रमांक मिळाला.)

आता मुख्य गोष्ट. मी शाळेत मराठीबरोबर इतिहासही शिकवला, म्हणून एका भागाने मला इतकी वर्षं सोडलेलं नाही. तो १९६७ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत दाखवला गेला. मुलाने मला नंतर कॅसेटवर तो नीट समजावून सांगितला. यानाला हिसका बसून एका जहाल औषधाची सुई चुकून डॉक्टरांच्याच अंगात जाते, त्यांचा तोल सुटतो आणि काळाच्या एका दारातून ते १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये पोचतात. मंदीचे दिवस. तिथे ईडिथ कीलर नावाची एक बाई बेकार गरिबांना जेवण देणारं केंद्र चालवते आहे. ती डॉक्टरांची शुश्रूषा करून त्यांना बरं करते. मागोमाग आलेला कर्क तिच्या प्रेमात पडतो. आणि स्पॉकला गणित उलगडतं, की ही बाई अपघातात मरायला हवी. ती जगली तर तिची शांततेची चळवळ इतकी वाढेल की अमेरिका युद्धात उशिरा उतरेल, हिटलरच्या हाती अणुबॉम्ब आधी पडेल आणि पुढचा सगळा इतिहास बदलेल. ती रस्ता ओलांडते, गाडी येते, डॉक्टर तिला वाचवायला धावतात आणि कर्क त्यांना घट्ट धरून ठेवतो. डॉक्टर अविश्वासाने त्याला विचारतात, तू काय केलंस हे तुला कळतंय का?

हिशेब स्पॉकचाच बरोबर आहे. वर्गात मीही तोच हिशेब शिकवत आले. प्लेगमध्ये इतके, १९१८ च्या साथीत तितके, दुष्काळात अमुक लाख. पोरं आकडे पाठ करायची आणि मी बरोबरच्या खुणा करायची. पण मॅकॉय नावाच्या माणसाला आकडा दिसतच नाही, समोर रस्त्यात असलेली बाई दिसते. १८९७ च्या पुण्याच्या प्लेगबद्दल आज कोणालाही विचारा. मेलेल्यांची संख्या सांगता येणार नाही. पण मुंढव्याच्या एका आजारी पोराला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले हडपसरजवळ डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात गेल्या आणि १० मार्चला स्वतःच प्लेगने गेल्या, हे माहीत असतं. सगळ्या शहराचा हिशेब मांडून त्या बसल्या असत्या तर त्या पोराला उचललंच नसतं. स्पॉकला हे पटलं नसतं, आणि त्याला चूक ठरवणं मला अजून जमलेलं नाही.

आपल्याकडे अंतराळ म्हटलं की राकेश शर्मा. ३ एप्रिल १९८४ ला ते गेले, आणि इंदिरा गांधींना त्यांनी दिलेलं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. पण ते ज्या 'सॅल्यूत ७' स्थानकावर उतरले तिथे खरोखरचे यानावरचे डॉक्टर होते, हे फार थोड्यांच्या लक्षात आहे. ओलेग आत्कोव्ह, रशियन हृदयरोगतज्ज्ञ. फेब्रुवारीत गेले ते ऑक्टोबरमध्ये परतले, २३७ दिवस. आपले शर्मा आठवड्याचे पाहुणे, हे घरचे. त्यांच्याही आधी, १९६४ मध्ये, बोरिस येगोरोव्ह हे पहिले डॉक्टर अंतराळात जाऊन एका दिवसात परत आले होते. आणि वालेरी पोल्याकोव्ह यांनी तर कमालच केली. मंगळापर्यंतच्या प्रवासात माणूस टिकेल का, हे बघायला या डॉक्टरांनी रोगी म्हणून स्वतःलाच निवडलं! जानेवारी १९९४ ते मार्च १९९५, सलग ४३७ दिवस. एका दमात इतके दिवस वर दुसरं कोणी राहिलेलं नाही.

आणि डॉक्टर बरोबर नसेल तर? मागे अंतराळ स्थानकावरच्या एका अंतराळवीराच्या मानेच्या रक्तवाहिनीत गुठळी सापडली. ही हकीगत २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली. डॉक्टर खाली अमेरिकेत, रोगी वर. ई-मेल आणि फोनवर उपचार, औषध मोजकंच, सोनोग्राफीही रोग्याने स्वतःच्या हाताने करायची. निभावलं सगळं. असो.

पण मला डॉ. मॅकॉय सारखे आठवायला लागले त्याचं कारण वेगळं आहे. १९८६ च्या 'स्टार ट्रेक'च्या चौथ्या सिनेमात ही मंडळी आपल्या काळातल्या सॅन फ्रान्सिस्कोत येतात. तिथल्या इस्पितळात एक म्हातारी बाई स्ट्रेचरवर पडून आहे. डॉक्टर थांबून विचारतात, काय होतंय? ती म्हणते, डायलिसिस. डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात, हा काय मध्ययुगातला प्रकार, असं पुटपुटतात आणि तिच्या हातावर एक गोळी ठेवून पुढे जातात. परत येताना बघावं तर ती आनंदाने ओरडते आहे, नवी किडनी उगवली म्हणून, आणि तिथले डॉक्टर चक्रावलेले!

आमच्या यांचं डायलिसिस चार वर्षं चाललं. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास. हातावर फिस्टुला केला होता. त्यावर रोज बोटं ठेवून थरथर जाणवते ना ते बघायला शिकवलं होतं, ते काम माझं. मांजराच्या अंगावर हात ठेवावा तशी ती थरथर. तिथे मोठे डॉक्टर राउंडला येत, फाइल बघत, यंत्राचे आकडे बघत आणि जात. चार वर्षांत एकदाही कोणी खाटेपाशी थांबून 'काय होतंय?' असं विचारल्याचं मला आठवत नाही. विचारायचा तो तिथला तंत्रज्ञ मुलगा, सुई टोचताना, क्रिकेटच्या स्कोअरच्या मधेच.

एके दिवशी मुलाने यांना मोबाइलवर तो इस्पितळाचा प्रसंग लावून दाखवला. मला भीती, की यांना वाईट वाटेल. हे हसले. म्हणाले, "गोळीचं सोड गं. तो थांबला बघ." २०१७ च्या श्रावणात हे गेले.

पुढच्या मालिकांमध्ये डॉक्टर बदलत गेले. १९९५ च्या 'व्हॉयेजर'मध्ये तर प्रकाशाचा बनवलेला डॉक्टर आहे. बटण दाबलं की हजर आणि सगळं वैद्यकशास्त्र पाठ. पण लेखकांना त्याच्याही अंगी हळूहळू चिडचिड, हट्ट आणि गाण्याची आवड घालावी लागली.

केली १९९९ च्या जूनमध्ये गेले. तुमच्यामुळे आम्ही डॉक्टर झालो, असं त्यांना अनेक जण सांगत. ज्याला स्वतःला शिकता आलं नाही त्याला हे ऐकताना काय वाटत असेल! पण मला त्यांचा १९८७ मधला छोटासा प्रवेश सर्वांत आवडतो. नव्या पिढीच्या मालिकेच्या पहिल्याच भागात ते एकशे सदतीस वर्षांचे डॉक्टर मॅकॉय होऊन येतात. पाठ वाकलेली, तोंडाचा पट्टा शाबूत. माणसाला क्षणात इकडून तिकडे पोचवणारं ते किरणांचं यंत्र आयुष्यभर त्यांना आवडलं नाही. माझे अणू इकडेतिकडे उधळलेले मला चालणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तेव्हाही हट्टाने साध्या छोट्या यानातूनच जाणार, आणि शेजारी चालणाऱ्या यंत्रमानवाला भरपूर ऐकवून मगच जाणार.