‘इंग्लिश’ तंबाखू, जिच्यात इंग्लंडचे एकही पान नाही

पाइप ओढणाऱ्यांच्या जगात ‘इंग्लिश ब्लेंड’ नावाचे एक मिश्रण प्रसिद्ध आहे. व्हर्जिनिया जातीचे गोडसर पिवळे पान, तुर्कस्तान-ग्रीसकडचे लहान सुवासिक ‘ओरिएंटल’ पान आणि धुरी देऊन काळे केलेले लटाकिया, हे त्याचे तीन मुख्य घटक. यांतले एकही पान इंग्लंडच्या मातीतले नाही. मग त्यात इंग्लिश ते काय? याचे उत्तर शेतात सापडत नाही, ते जकातीच्या कायद्यात सापडते. (धागा)

इंग्लंडमध्ये तंबाखू उगवतच नव्हती असे मात्र नाही. सतराव्या शतकात ग्लॉस्टरशायर परगण्यातील शेतकरी ती हौसेने पिकवीत. अडचण सरकारची होती. वसाहतीतून जहाजाने येणाऱ्या मालावर बंदरात जकात घेता येते. घरच्या शेतातल्या पिकावर ती वसूल करणे अवघड. १६६० मध्ये, दुसऱ्या चार्ल्सच्या पुनरागमनाच्याच वर्षी, पार्लमेंटने इंग्लंड व आयर्लंडमध्ये तंबाखूची लागवड बेकायदा ठरवली. शेतकरी ऐकेनात, तेव्हा उभी पिके तुडवायला घोडेस्वार पाठवावे लागले.

राजदरबाराला तंबाखूचा तिटकारा होता आणि तिच्यावरच्या उत्पन्नाचा मोहही होता. पहिल्या जेम्सने १६०४ मध्ये तंबाखूच्या विरोधात एक जहाल पुस्तिका लिहिली. त्याच वर्षी त्याने पौंडामागे २ पेन्स असलेली जकात ६ शिलिंग १० पेन्सवर नेली. याच सुमारास असदबेग हा मोगल वकील विजापूरहून तंबाखू आणि हुक्का घेऊन अकबराच्या दरबारी पोहोचला होता, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. दोन्हीकडच्या राजाज्ञा धुरात विरून गेल्या.

तंबाखू महाग होती तोवर इंग्लंडातील मातीच्या चिलमीची वाटी बोराएवढी असे. भाव उतरत गेले तशी वाटी मोठी होत गेली. हा बदल इतका नियमित आहे, की उत्खननात सापडलेल्या चिलमीच्या वाटीवरून पुरातत्त्वज्ञ त्या थराचा काळ ठरवतात.

भाव का उतरले? जॉन रोल्फने १६१२ च्या सुमारास व्हर्जिनियात दक्षिणेकडचे गोडे बियाणे लावून पाहिले आणि वसाहतीला तिचे नगदी पीक मिळाले. १६१९ मध्ये तेथे पहिले आफ्रिकी बंदी उतरवले गेले. आरंभी मळ्यांवर प्रामुख्याने करारबद्ध गोरे मजूर राबत. शतक संपेपर्यंत मळ्यांचा डोलारा गुलामांच्या श्रमावर उभा राहिला होता. लंडनच्या हमालाला चिलीम परवडू लागली, तिची किंमत अटलांटिकपलीकडे भरली जात होती.

आता एकोणिसावे शतक. ब्रिटनमध्ये तंबाखूवरची जकात वजनावर होती: १८४० च्या दशकात पौंडामागे ३ शिलिंगांहून थोडी अधिक, म्हणजे पानाच्या मूळ किमतीच्या कित्येक पट. अशा व्यवहारात भेसळीचा मोह किती असेल याची कल्पना करता येते. पौंडभर तंबाखूत पावशेर काकवी, साखर किंवा ज्येष्ठमधाचा अर्क मुरवला, की तेवढे वजन जकातीशिवाय तंबाखूच्या भावाने विकले जाई. यात गिऱ्हाईक फसे आणि सरकारी तिजोरीही फसे. पार्लमेंटला टोचले ते दुसरे.

१८४२ मध्ये कायदा झाला: तंबाखूत पाण्याखेरीज जवळजवळ काहीही मिसळायचे नाही. गुळीदार तंबाखू वळताना थोडे तेल चालेल, अशा मोजक्या सवलती होत्या. साखर, मध, काकवी सरसकट वर्ज्य. हा कायदा आजकाल ‘शुद्धतेचा कायदा’ म्हणून मोठ्या कौतुकाने सांगितला जातो. त्यामागे ओढणाऱ्याच्या प्रकृतीची वा चवीची चिंता मुळीच नव्हती. महसूल बुडू नये, एवढाच त्याचा हेतू.

कायद्याने पाणी सोडले होते, म्हणून कारखानदारांनी पाणीच घातले. स्वस्त तंबाखू इतकी ओली विकली जाऊ लागली, की १८८७ मध्ये ओलाव्यालाही ३५ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. म्हणजे तोवर गरीब गिऱ्हाईक आपल्या आठवड्याच्या पुडीतला मोठा हिस्सा शब्दशः पाण्यात घालवीत होते.

अमेरिकेत अशी बंदी नव्हती. तिथला कारखानदार पानाला रम, व्हॅनिला, ज्येष्ठमध हवे ते पाजू शकत होता. इंग्रज मिश्रणकाराच्या हाती उरले केवळ पान. गोडी हवी असेल तर ती पानात असली पाहिजे, आणि सुगंध हवा असेल तर तोही पानानेच दिला पाहिजे. इंग्लिश ब्लेंडचा जन्म या अडवणुकीतून झाला.

गोडी आली ती उत्तर कॅरोलायनातून. १८३९ मध्ये कॅसवेल परगण्यात अबिशा स्लेड याच्या मळ्यावर स्टीफन नावाचा गुलाम तंबाखू वाळवण्याच्या कोठारात विस्तव सांभाळत होता. त्याला झोप लागली, विस्तव विझत आला, म्हणून त्याने घाईने लोहारकामाचा कोळसा टाकला, अशी हकीकत सांगितली जाते. अचानक वाढलेल्या कोरड्या उष्णतेने पान तपकिरी होण्याऐवजी झळझळीत पिवळे झाले. झटपट वाळल्यामुळे अशा पानातली नैसर्गिक साखर टिकून राहते. लंडनमध्ये साखर घालण्यावर बंदी येण्याच्या तीन वर्षे आधी साखर स्वतःच सोबत आणणारे पान तयार झाले होते. नफा स्लेडच्या पदरात पडला. स्टीफनच्या वाट्याला नुसता नामोल्लेख आला, तोही आडनावाशिवाय.

सुगंधाची सोय उस्मानी साम्राज्यातून झाली. सूर्यप्रकाशात वाळवलेले मॅसिडोनिया व आशिया मायनरकडचे छोटे पान आणि सीरियाच्या लटाकिया बंदराचे नाव लागलेले काळे पान. लटाकियाची पाने टांगून खाली सुगंधी झाडझुडपांचा मंद धूर आठवडेच्या आठवडे करतात. त्यात कातडे, डांबर आणि होमकुंड यांच्यामधला कसलासा वास उतरतो. चवीसाठी हे पान थोडे घातले तरी पुरते. भरीला घातले तर मिश्रण ‘फुल इंग्लिश’ म्हणवते.

वरच्या वर्गात मग मिश्रणांचे वेड शिरले. लंडनच्या कॅरेरास दुकानाची ‘क्रेव्हन मिक्स्चर’ जे. एम. बॅरी यांनी १८९० च्या ‘माय लेडी निकोटिन’मध्ये वेगळ्या नावाने अमर केली. आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये ड्यूक स्ट्रीटवर दुकान थाटले. तेथे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या आवडीचे प्रमाण वहीत नोंदवले जाई. ‘माय मिक्स्चर ९६५’ हे नाव त्या वहीतूनच आले.

सामान्य माणसाच्या नशिबी यातले काही नव्हते. तो ओढीत असे शॅग: बारीक चिरलेली, जहाल, काळपट, स्वस्त तंबाखू. शेरलॉक होम्स पर्शियन चढावात तंबाखू ठेवतो, हे वाचकांना ठाऊक असते. ती शॅग आहे हे सांगताना कॉनन डॉयलने आपल्या नायकाच्या तऱ्हेवाईकपणाची आणखी एक खूण करून ठेवली आहे. परवडत असूनही हा गृहस्थ गाडीवानाची तंबाखू ओढतो!

परवडणाऱ्या मिश्रणाला खरी चालना पुन्हा जकातीनेच दिली. १९१९ च्या अर्थसंकल्पात साम्राज्यातून येणाऱ्या तंबाखूला जकातीत एक षष्ठांश सूट मिळाली, १९२५ मध्ये ती एक चतुर्थांश झाली. सिगारेट ओढणारा ब्रिटिश अमेरिकी पानाचा हट्ट सोडेना. म्हणून ऱ्होडेशिया, न्यासालँड आणि हिंदुस्थानचे स्वस्त पान मोठ्या प्रमाणावर पाइपच्या पुड्यांत गेले. हिंदुस्थानातले पान मुख्यतः आंध्रातील गुंटूरचे. व्हर्जिनिया जातीचे पान भट्टीत वाळवण्याचे तंत्र तिथे १९२० च्या दशकात रुजवले गेले. आपल्या निपाणी-कोल्हापूर पट्ट्यातील तंबाखूचा या व्यापाराशी संबंध नाही. ती विडीची, उन्हात वाळणारी, निराळ्याच बाजाराची.

युद्धानंतर ब्रिटनकडे डॉलर उरले नाहीत. १९४७ मध्ये अर्थमंत्री ह्यू डाल्टन यांनी अमेरिकी पानाची आयात आवरण्यासाठी जकात पौंडामागे ५४ शिलिंग १० पेन्सपर्यंत चढवली. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांची पाइप विझेल म्हणून ओरड झाली, तेव्हा सरकारने त्यांच्यासाठी सवलतीची तंबाखू-कुपने काढली. ती १९५८ पर्यंत चालली. ज्या राज्यसत्तेने कराने तंबाखू महाग केली, तिनेच म्हाताऱ्यांना ती स्वस्तात पुरवावी, हे कल्याणकारी राज्याच्या इतिहासातले एक विचित्र पान म्हटले पाहिजे.

१९६२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने धूम्रपानाच्या घातकतेवर अहवाल दिला. सिगारेटपेक्षा पाइप बरी, असा सोयीस्कर अर्थ त्यातून पुष्कळांनी काढला. वस्तुतः पाइप ओढणाऱ्यांना होणारा ओठाचा कर्करोग जर्मन शरीरशास्त्रज्ञ झमरिंगने १७९५ मध्येच नोंदवला होता.

पुढे सीरियातील लटाकियाचे उत्पादन आटले आणि ते काम सायप्रसकडे गेले. ब्रिटनमधील भेसळबंदीचा तो जुना निर्बंध १९८० च्या दशकात संपला. तोवर तिथे पाइप ओढणारेही विरळ झाले होते. डनहिलच्या नावाची पाइप-तंबाखू २०१८ मध्ये बाजारातून गेली. तिचीच मिश्रणे आता आयर्लंडच्या पीटरसनच्या नावाने विकली जातात आणि डेन्मार्कमध्ये बनतात. दुकानाच्या फळीवर त्यांची गणना अजून ‘इंग्लिश’ अशीच होते.