आपल्या मुलखातील मुक्या जिवांची सेवा

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त आपल्या भागातील एखाद्या लोकसेवेचा इतिहास लिहावा, असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मी मुक्या प्राण्यांच्या सेवेचा विषय घेतला. माणसांच्या सेवेविषयी पुष्कळ लिहिले जाते. गोठ्यातल्या व रानातल्या जिवांविषयी त्या मानाने थोडेच.

जनावरांवरील माया आपल्याला कोणी शिकवावी लागली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने शेकले जातात, आणि तान्ह्या पोळ्याला मुले लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरतात. परंतु माया असली तरी उपाय हाताशी नसे. माझ्या आजोळी एका पावसाळ्यात घटसर्पाने दोन बैल गेले. गुरांचा डॉक्टर फार दूर होता. त्या वर्षी पेरणी उशिरा झाली आणि आजीच्या अंगावरची पुतळ्यांची माळ सावकाराकडे गेली. गुराचे दुखणे हे घरच्या बाईचेही दुखणे असते, ते असे.

आज घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकत यांवर लस मिळते. बुळकांडी तर लसीकरणामुळेच जगातून नाहीशी झाली, असे २०११ साली जाहीर झाले. ही बुळकांडी रानगव्यांनाही मारीत असे. म्हणजे गोठ्यात टोचलेली लस रानालाही राखते.

कायद्याच्या कामी एका स्त्रीचाच पुढाकार होता, हे भगिनींना आवडेल. नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा होत्या.

आता आपल्या रानाकडे वळू. बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. तेव्हा हा भाग चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातच होता. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे माणसांचे डॉक्टर म्हणून राहिले. एके दिवशी शिकारीहून परतणाऱ्या माडिया लोकांजवळ मेलेली माकडीण दिसली; तिच्या छातीला पिल्लू बिलगलेले होते. ते प्रकाशभाऊंनी मागून घेतले. ही बबली प्राणी-अनाथालयातील पहिली पाहुणी. पुढे अस्वले, हरणे, बिबटे आले. ‘नेगल’ नावाच्या बिबट्यावर विलास मनोहर यांनी पुस्तकच लिहिले. २००८ साली या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मला यातील एक गोष्ट फार मोलाची वाटते. माडिया माणूस पोटासाठी शिकार करीत होता. त्याला कोणी पापी म्हटले नाही. आधी त्याचे दुखणे पाहिले, शाळा काढली, शेतीला हात दिला. मग तीच माणसे रानात सापडलेली पोरकी पिल्ले आपण होऊन आणून देऊ लागली. अस्वलाने फाडलेल्या माणसाला ज्या हातांनी टाके घातले, त्याच हातांनी अस्वलाच्या पिल्लाला दूध पाजले.

हा समतोल आज आपणांस हवा आहे. आपल्या भागात मोहफुले नि तेंदूपाने वेचावयास गेलेल्या बाया वाघाच्या हल्ल्यात बळी पडतात. त्यांच्या घरी जाऊन वाघाचे कौतुक सांगणे निर्दयपणाचे होईल. प्राण्यांवरची दया आणि शेजारणीवरची दया एकाच घरात नांदली पाहिजे.

आपल्या हातून होण्याजोगे थोडे आहे, पण ते निश्चित आहे. पावसाळ्यापूर्वी गुरांना व कुत्र्यांना लस टोचून घ्यावी. दारी पाण्याची कुंडी ठेवावी. रानातले पिल्लू सापडले तर घरी पाळू नये, कायदाही तसे करू देत नाही, वनखात्यास कळवावे. आणि रानात एकटीने जाऊ नये, जोडीने जावे. येत्या वर्षी मंडळाने लसीकरणाचा एक दिवस ठरवावा, ही माझी नम्र सूचना आहे.